समलैंगिक मुलामुलींना व्यसनाचा धोका जास्त का असतो? आणि आधार मिळाला तर काय बदलतं?

व्यसन लागलेलं पोरगं डॉक्टरांकडे किंवा व्यसनमुक्ती केंद्रात गेलं की एक प्रश्न हमखास येतो: "सुरुवात कशी झाली?" उत्तरंही बहुतेक ठरलेली असतात. मित्रांनी दिली. कॉलेजात लागली. टेन्शन होतं.

पण काही मुलामुलींचं खरं उत्तर वेगळं असतं. "मला मुलगे आवडतात. हे कुणाला कळलं तर काय होईल, या भीतीनं झोप लागायची नाही. बिअर घेतली की लागायची." आता शेजारच्या खुर्चीवर वडील बसलेत. हे वाक्य कोण बोलणार?

मग कारण बाजूला राहतं आणि उपचार फक्त बाटलीवर होतात. मूल घरी येतं, काही महिने बरे जातात आणि पुन्हा सुरू होतं. घरचे म्हणतात, "इतकं करून उपयोग नाही."

समलैंगिक, उभयलैंगिक आणि पारलिंगी किशोरवयीन मुलांमध्ये नशेचा धोका जास्त का दिसतो, आणि आसपासच्या माणसांच्या आधारानं तो कमी कसा होतो, हे आज समजून घेऊ. मुंबई-पुण्याबद्दल बरंच लिहिलं जातं. आपण नजरेसमोर ठेवू कराडला लागून असलेलं, पुणे-बंगळुरू महामार्गावरचं मलकापूर. (बुलढाण्याचं मलकापूर वेगळं.)

आधी शब्द

ज्यांना आपल्याच लिंगाच्या व्यक्तीबद्दल आकर्षण वाटतं ते समलैंगिक. ज्यांना दोन्हींबद्दल वाटतं ते उभयलैंगिक. जन्माच्या वेळी नोंदवलेलं लिंग आणि मनातून जाणवणारी ओळख ज्यांची जुळत नाही ते पारलिंगी. या सगळ्यांना मिळून एलजीबीटीक्यू किंवा लैंगिक अल्पसंख्याक म्हणतात.

यातला कुठलाही प्रकार आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. 'इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटी' या भारतातल्या मानसोपचार तज्ज्ञांच्या संघटनेनंही २०१८ मध्ये तेच स्पष्ट केलं. त्यामुळे या लेखात बरं करायची गोष्ट एकच आहे, ती म्हणजे व्यसन.

धोका खरंच जास्त आहे का?

हो. २००८ मध्ये 'अ‍ॅडिक्शन' या नियतकालिकात आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात समलैंगिक आणि उभयलैंगिक किशोरांमध्ये नशा करण्याची शक्यता इतर मुलांच्या तुलनेत सरासरी १९० टक्क्यांनी जास्त, म्हणजे जवळपास तिप्पट दिसली. मुली आणि उभयलैंगिक मुलं यांच्यात हा फरक आणखी मोठा होता.

भारतात २०१९ मध्ये केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालय आणि दिल्लीच्या एम्सनं व्यसनांची देशव्यापी पाहणी प्रसिद्ध केली. १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक दारू पितात, असं त्यात आढळलं. दुर्लक्षात गेलेली गोष्ट म्हणजे हुंगून केली जाणारी नशा: व्हाईटनर, पंक्चरचं सोल्युशन, थिनर. हा एकच प्रकार असा निघाला ज्यात मुलांचं प्रमाण (१.१७ टक्के) मोठ्यांपेक्षा (०.५८ टक्के) जास्त आहे. ही पाहणी वय, स्त्री-पुरुष आणि राज्य यांचे आकडे देते. लैंगिक कलानुसार आकडे त्यात नाहीत. म्हणजे ही मुलं या मोजणीत आहेत, पण वेगळी दिसत नाहीत.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करू. धोका जास्त याचा अर्थ प्रत्येक समलैंगिक मूल व्यसनी होतं, असा नाही. बहुतेक जण होत नाहीत. प्रश्न असा आहे की काही जणांवर इतका ताण कुठून येतो?

ताण येतो कुठून?

इलन मेयर या अमेरिकन संशोधकानं २००३ मध्ये याचं एक स्पष्टीकरण मांडलं, जे आज जगभर वापरलं जातं. त्याचा गाभा सोपा आहे. परीक्षा, पैसे, प्रेमभंग हे ताण सगळ्यांनाच असतात. पण अल्पसंख्य माणसावर त्याच्या वर आणखी एक थर चढतो. त्या थराचे चार भाग सांगता येतील.

१. प्रत्यक्ष त्रास. शाळेत "बायल्या" म्हणून चिडवणं, मारहाण, घरातून टोमणे.

२. त्रासाची वाट पाहणं. आज कुणी काही बोललं नाही, तरी उद्या बोलेल ही धास्ती. चालताना हात कसा हलतो, आवाज कसा येतो, यावर दिवसभर पहारा.

३. लपवणं. मोबाईल कुणाच्या हातात पडू नये, मित्रांत "तुला कोण आवडते?" असं विचारलं की खोटं नाव सांगायचं, ते खोटं नंतर लक्षात ठेवायचं.

४. स्वतःलाच दोष देणं. लहानपणापासून जे ऐकलं ते खरं मानून "माझ्यातच काहीतरी बिघाड आहे" असं वाटणं.

आता हे मलकापूरसारख्या ठिकाणी ठेवून बघा. इथे अनोळखी मुलाला पहिला प्रश्न असतो, "कुणाचा रे तू?" अडचणीत हा प्रश्न फार कामाचा. रस्त्यावर गाडी घसरली तर पाच मिनिटांत घरी निरोप जातो. पण लपवण्यासारखं काही असेल तर तोच प्रश्न अंगावर येतो. औषधाच्या दुकानातला माणूस काकांच्या ओळखीचा, दवाखान्यात केसपेपर काढणारी बाई आईच्या भिशीतली. मदत मागायला जायची तर ओळख सांगावी लागते आणि ओळख सांगितली की घरी कळतं. टपरीवर मात्र कुणी काही विचारत नाही.

नशा नेमकं काय करते?

दारू मेंदूची धोक्याची घंटा काही वेळ मंद करते. तंबाखू आणि मावा यातलं निकोटीन काही क्षण बरं वाटायला लावतं. गांजा विचारांचा वेग बदलतो. म्हणजे ज्या मुलाला दिवसभर स्वतःवर पहारा ठेवावा लागतो, त्याला नशा थोडा वेळ सुट्टी देते. म्हणूनच "वाईट आहे, सोड" एवढं सांगून भागत नाही. ती सुट्टी दुसरीकडे कुठे मिळेल, हेही सांगावं लागतं.

दुसरं कारण ओळखीचं असेल. गटात सामावून जाणं. "पितो म्हणजे मर्द" हे समीकरण आपल्याकडे पक्कं आहे. ज्याच्या मर्दपणावर आधीच शंका घेतली जाते, तो मुलगा ढाब्यावर सगळ्यांत आधी ग्लास उचलतो. ती शंका मिटवायचा हा स्वस्तातला मार्ग.

यात वय महत्त्वाचं आहे. मेंदूचा मजा शोधणारा भाग किशोरवयातच जोरात असतो. "थांब, विचार कर" म्हणणारा पुढचा भाग मात्र पंचविशीपर्यंत पक्का होत राहतो. अमेरिकेतल्या १९९७ च्या एका गाजलेल्या अभ्यासात, पंधराव्या वर्षाआधी दारू सुरू केलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक आयुष्यात कधी ना कधी दारूच्या आहारी गेले होते. विसाव्या वर्षी किंवा नंतर सुरू केलेल्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होतं.

आणि माल आता लांब राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांच्या एमडीच्या तपासाचे धागे सांगलीजवळच्या कुपवाडपर्यंत आले. पुढच्याच महिन्यात मुंबई पोलिसांनी कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळी गावात एमडी बनवण्याचा कारखाना पकडला. "हे सगळं मुंबईत चालतं" असं म्हणायचे दिवस गेले.

आधारानं काय बदलतं?

घर. अमेरिकेत कॅटलिन रायन यांच्या गटानं २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २१ ते २५ वयाच्या समलैंगिक आणि उभयलैंगिक तरुणांना विचारलं, की किशोरवयात घरच्यांनी तुम्हाला कसं वागवलं? ज्यांना घरून तीव्र नकार मिळाला होता, त्यांच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाचं प्रमाण फारसा नकार न मिळालेल्यांच्या तुलनेत ८.४ पट होतं, आणि अमली पदार्थ घेण्याचं ३.४ पट. नकार म्हणजे दरवेळी घराबाहेर काढणं नव्हे. मित्रांना भेटू न देणं, "लोक काय म्हणतील" हे रोज ऐकवणं, विषय निघाला की उठून जाणं, हाही नकारच.

शाळा. कॅनडात २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या शाळांत समलैंगिक मुलं आणि त्यांचे इतर मित्र यांचे एकत्र गट तीन किंवा जास्त वर्षं चालू होते, तिथे एका वेळी भरमसाट दारू पिण्याची शक्यता कमी दिसली. काही बाबतीत हा फायदा इतर मुलांनाही झाला. चिडवाचिडवी कमी झाली की सगळ्यांनाच मोकळा श्वास घेता येतो.

गाव. कॅनडातल्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शाळकरी मुलांच्या आरोग्य पाहणीची माहिती त्यांच्या गावातल्या वातावरणाशी जोडून बघितली गेली. तिथे एलजीबीटीक्यू मुलांसाठी गट आहेत का, कार्यक्रम होतात का, हे मोजलं. २०२० मध्ये आलेल्या निष्कर्षांत, जिथे अशा गोष्टी जास्त होत्या तिथल्या मुलांमध्ये, विशेषतः मुलींमध्ये, काही नशांचं प्रमाण कमी होतं. त्या मुली स्वतः कार्यक्रमांना जात होत्या की नाही, हा मुद्दाच नव्हता. आपल्या गावात आपल्यासारख्यांना जागा आहे, हे दिसणंही कामाचं ठरत असावं.

अशा अभ्यासांतून दोन गोष्टी सोबत चालतात एवढं कळतं. एकीमुळेच दुसरी झाली, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. पण घर, शाळा आणि गाव तिन्हीकडे तीच दिशा दिसते, तेव्हा ती मनावर घ्यायला हवी.

"आपली माणसं" म्हणजे दरवेळी सुरक्षित?

नाही. बऱ्याच शहरांत समलैंगिक लोकांच्या भेटण्याच्या जागा म्हणजे बार आणि पार्ट्या. तिथे ओळखी होतात, एकटेपणा जातो, पण ग्लासही हातात येतो.

छोट्या गावातल्या मुलाचं दार बहुतेक वेळा डेटिंग अ‍ॅप असतं. ही अ‍ॅप्स प्रौढांसाठी असतात, पण वय खोटं टाकून मुलं आत येतात. समोरचा पस्तिशीचा माणूस प्रेमानं बोलतो, दारू पाजतो, फोटो मागतो. पुढे तेच फोटो दाखवून पैसे उकळले जातात. घरी सांगता येत नाही, म्हणून मूल पैसे देत राहतं.

हा गुन्हा त्या माणसाचा आहे, मुलाचा नाही. पोक्सो कायदा मुलगा आणि मुलगी दोघांनाही सारखंच संरक्षण देतो. अशा वेळी १०९८ (चाइल्डलाइन) किंवा ऑनलाइन पैसे उकळले जात असतील तर १९३० वर फोन करता येतो.

मलकापूरच्या आसपास आहे काय?

व्यसनमुक्तीच्या बाबतीत हा भाग आणि महाराष्ट्र मागे नाही. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये 'मुक्तांगण' सुरू केलं. मलकापूरमध्येच कृष्णा रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय आहे, कराडात वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय आहे. सरकारच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात १० ते १९ वयाच्या मुलांसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री क्लिनिक' चालवली जातात. मानसिक आरोग्य आणि व्यसन हे दोन्ही विषय त्यांच्या कामात येतात.

लैंगिक अल्पसंख्याकांसाठी काम करणारेही आहेत. सांगलीत १९९२ पासून 'संग्राम' ही संस्था आहे. तिच्याच कामातून देहविक्रय करणाऱ्या पुरुषांची आणि तृतीयपंथीयांची 'मुस्कान' ही संघटना उभी राहिली. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये 'समपथिक ट्रस्ट' स्थापन केला आणि या विषयावर मराठीत पुस्तकं लिहिली. 'पार्टनर' हे त्यातलंच एक (वपुंचं वेगळं). मुंबईत १९९४ पासून 'हमसफर ट्रस्ट' आहे.

पण जोड बघा. व्यसनाचं काम करणाऱ्या जागा आणि लैंगिकतेचं काम करणाऱ्या जागा बहुतांश वेगवेगळ्या आहेत, आणि लैंगिकतेचं काम मुख्यतः प्रौढांसाठी आहे. सोळा वर्षांचं पोर मधल्या फटीत पडतं.

ही फट महत्त्वाची का? कारण आपल्याकडची व्यसनमुक्ती उभी आहे गटावर. वर्तुळात बसायचं, खरं बोलायचं, दुसऱ्याचं ऐकायचं, "मी एकटा नाही" हे कळायचं. ही पद्धत लाखोंना उपयोगी पडली. पण ज्याला आपली निम्मी गोष्ट गिळून निम्मीच सांगावी लागते, त्याला गटाचा उपयोगही निम्माच होतो. म्हणून समुपदेशकानं एकट्याला, घरच्यांना बाहेर बसवून, शांतपणे विचारणं गरजेचं आहे: "तुला कुणाबद्दल आकर्षण वाटतं, यावरून कधी त्रास झालाय का? इथलं उत्तर तुला विचारल्याशिवाय घरी जाणार नाही."

कायदा काय म्हणतो?

- ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर प्रौढांमधले संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत.
- मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये व्यसनाशी निगडित मानसिक आजारही येतात. लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करता येत नाही. माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क आहे. अल्पवयीन रुग्णाला भरती केलं तर प्रौढांपासून वेगळं ठेवावं लागतं.
- समलैंगिकता "बरी" करण्याचे उपचार करणं हा डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं.
- "बाहेरचं लागलंय" म्हणून देवऋषाकडे नेऊन मारहाण झाली, तर तो महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.
- १८ वर्षांखालच्या मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

एक सावधगिरी. १८ च्या आतल्या मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं समुपदेशकावर बंधनकारक आहे. म्हणून बोलायला सुरुवात करण्याआधी "यातलं काय गुप्त राहील आणि काय नाही?" हे विचारून घ्या. चांगला समुपदेशक सरळ उत्तर देतो.

मग करायचं काय?

आई-वडिलांनी: मुलानं सांगितलं तर पहिलं वाक्य महत्त्वाचं. सगळं समजलं पाहिजे, पटलंच पाहिजे, असं नाही. "सांगितलंस ते बरं केलंस. आम्हाला समजायला वेळ लागेल, पण तू आमचाच आहेस" एवढं पुरतं. "लग्न लावून दिलं की होईल सरळ" हा उपाय नाही. त्यात दोन आयुष्यं अडकतात.

शिक्षकांनी: वर्गात "बायल्या" ऐकू आलं तर तिथेच थांबवा. एखादं मूल गैरहजर राहू लागलं, गुण घसरले, तोंडाला वास आला, तर दप्तर तपासण्याआधी विचारा, "काय चाललंय?"

मित्रांनी: मित्रानं सांगितलेलं तिसऱ्याला सांगू नका, अगदी "त्याच्या भल्यासाठी" सुद्धा नाही. आणि भेटायचं ठिकाण बदला. दर वेळी ढाबाच कशाला? ग्राउंड आहे, कृष्णाकाठ आहे, चहा आहे.

आपण सगळ्यांनी, मोबाईल हातात असताना: कुणाच्या चालण्या-बोलण्यावरचं रील पुढे पाठवताना थांबा. तुमच्या यादीतलं एखादं पोर तुमची कमेंट वाचतंय. या माणसाकडे आपण बोलू शकतो की नाही, हे ते त्यावरून ठरवतं.

आणि तू स्वतः हे वाचत असशील तर: घरी सांगायची घाई नाही. आधी एक खात्रीचं माणूस शोध. मामी असेल, मोठी बहीण असेल, एखादे सर असतील, फोनवरचा समुपदेशक असेल. रोज प्यायची सवय असेल तर एकदम स्वतःच बंद करू नकोस. हातपाय थरथरणं, झटके येणं असा त्रास होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोड.

फोन करायचा तर

- १४४१६: टेली-मानस. मानसिक आरोग्यासाठी सरकारी मोफत सेवा, मराठीतही.
- १४४४६: व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन, मोफत.
- १०९८: १८ वर्षांखालच्या मुलांसाठी, दिवसरात्र.
- ११२: जिवाला धोका असेल तर लगेच.

फोनवर सगळं एकदम सांगायला हवं असं नाही. "मला त्रास होतोय, पण कारण आत्ता सांगता येत नाही" इथूनही सुरुवात करता येते.